कॅम्पातला शनिवारचा बायबल वर्ग: चार स्टार, पाचवा चहामुळे कापला

आधी कोरडी माहिती देते, ज्यांना तेवढीच हवीये त्यांनी वाचून निघालात तरी चालेल. पुण्याच्या कॅम्पात एका जुन्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी मराठीतून बायबल वर्ग भरतो. या बॅचचा विषय होता, देव बायकांना आणि ज्यांच्याकडून कोणी काही अपेक्षाच केली नसती अशा माणसांना कसं कामाला लावतो, बायबलमध्ये आणि आपल्या महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये. फी ६०० रुपये, त्यात झेरॉक्सची स्पायरल वही, चहा-बिस्किट आणि शेवटी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची ट्रिप, तिचं तिकीट मात्र ज्याचं त्याने काढायचं. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट, कॅथलिक, पेंटेकोस्टल, कोणीही या, दाखला विचारत नाहीत. दोन हिंदू मुली पण होत्या, एक इतिहासात एमए करणारी, ती तर पहिल्या रांगेत बसायची आणि सगळ्यात जास्त प्रश्न तिचेच. चर्चचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे थोडं वाकडं लिहिणार आहे आणि ती माणसं चांगली आहेत.

मी गेले सासूबाईंमुळे. त्यांना एकटीला रिक्षाने घोरपडीहून पाठवायचं नव्हतं म्हणून मी सोबतीला, असं ठरलं होतं. नंतर त्या लग्नाला गेल्या तरी मी एकटी जात होते, यावरून काय ते समजा.

शिकवायला दोघं. एक रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात, आणि एक तरुण पाळक, म्हणजे पास्टर. बाईंचा आवाज असा की माईकची गरज नाही, आणि हे बरंच आहे कारण माईक दर दहा मिनिटांनी खरखरतो. पाळकसाहेब अभ्यासू आहेत पण हळू बोलतात, मागच्या दोन रांगांना काही ऐकू जात नाही, पुढे बसा.

वर्गाची सुरुवात मला फार आवडली. मला वाटलेलं पहिल्या दिवशी मरीया किंवा रूथ, जसं दर महिला दिनाच्या उपासनेत असतं. बाईंनी उघडलं बायबलातलं २ राजे हे पुस्तक, पाचवा अध्याय, अरामी सेनापती नामान. मोठा माणूस, अंगावर कोड. आणि त्याच्या घरात एक पोरगी, इस्राएलातून लुटीत धरून आणलेली, त्याच्या बायकोची मोलकरीण. ती एकच वाक्य बोलते, आमच्या शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे धनी गेले असते तर बरे झाले असते. बस्स, तिचं काम संपलं, नाव पण दिलेलं नाहीये. मग पुढे नामान राजाचं पत्र घेतो, चांदी, सोनं, दहा पोशाख घेतो, रथ-घोडे घेऊन निघतो, इकडे इस्राएलचा राजा पत्र वाचून घाबरून कपडे फाडतो, दोन राजे आणि एक सेनापती आणि कोणालाच काही सुचत नाहीये. आणि तो संदेष्टा, अलीशा, बाहेर न येता नुसता निरोप पाठवतो, यार्देन नदीत सात बुड्या मार, तर साहेब रागावून परत चालले. तिथे त्याला कोण समजावतं, तर परत नोकरच! म्हणजे हा माणूस दोनदा बचावतो आणि दोन्ही वेळा ज्यांचं मत विचारायची पद्धत नाही अशांच्या बोलण्यामुळे.

बाईंनी विचारलं, ज्याने तिला आईबापापासून तोडून आणलं त्याचं भलं व्हावं असं तिला का वाटलं असेल? सगळे गप्प. कोणीतरी क्षमा म्हणालं, बाई म्हणाल्या इतकं सोपं करू नका. मग आमच्या सासूबाई, ज्या घरी पण फार बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "कपडे तीच धूत असणार, डाग आधी तिलाच दिसला असणार." हॉलमध्ये एक क्षण कोणी काही बोललं नाही आणि मग पहिल्या रांगेतल्या एमएवाल्या मुलीने ते वहीत लिहून घेतलं. मी त्यांच्या सुनेच्या नात्याने उगीच ताठ बसले.

त्यानंतरचे काही तास पटापट गेले. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली येशूची वंशावळ, तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको, हे बहुतेकांना पाठ आहे, बाईंनी पण लवकर उरकलं. गिदोन मिद्यान्यांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता, मोशे जिभेचा जड, दावीदाला तर बापाने संदेष्ट्यासमोर बोलावलंच नव्हतं, तो मेंढरांकडे. हे सगळं संडे स्कूलला झालंय. बलामाच्या गाढवीवर एक काका फार खूश झाले आणि म्हणाले, देव गाढवीकडून बोलला तर बायकांकडून का नाही बोलणार. हा जोक मी तीन वेगवेगळ्या पाळकांच्या तोंडून व्यासपीठावरून ऐकलाय आणि दर वेळी बायकाच जास्त हसतात. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हुल्दाकडे चला.

हुल्दा मला माहीतच नव्हती, खरंच. योशीया राजाच्या काळात मंदिराची दुरुस्ती चालू असताना नियमशास्त्राचं पुस्तक सापडतं, राजा म्हणतो देवाला विचारा याचं काय करायचं, आणि महायाजक हिल्कीया आणि राजाची माणसं उठून जातात हुल्दाकडे, राजवाड्यातली वस्त्रं सांभाळणाऱ्या शल्लूमची बायको, यरुशलेमेत राहणारी. तेव्हा यिर्मया संदेश देत होता, त्याला पाचारण होऊन काही वर्षं झाली होती. तरी गेले तिच्याकडे. आणि शास्त्रात कुठेही असं लिहिलेलं नाही की पुरुष मिळाला नाही म्हणून गेले, किंवा बाई असूनही गेले. गेले आणि विचारलं आणि तिने सांगितलं ते राजाने ऐकलं. बाईंचा मुद्दा असा की आपल्यालाच ती अनपेक्षित वाटते, त्यांना नव्हती वाटली. दबोराचं पण तसंच, ताडाच्या झाडाखाली बसून न्याय करायची आणि लोक भांडणं घेऊन यायचे, रोजचं काम होतं ते.

मग नवा करार. इथे कॅथलिक आणि आम्ही यांच्यात थोडी मजा झाली. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी आधी बायकाच पोचतात, आणि लूक तर स्वच्छ लिहितो की प्रेषितांना त्यांचं बोलणं वायफळ वाटलं आणि त्यांनी विश्वास ठेवला नाही. वानवडीच्या एक आंटी म्हणाल्या आमच्यात मग्दालीया मरीयेला प्रेषितांची प्रेषित म्हणतात, पोप फ्रान्सिसनी २०१६ मध्ये तिचा २२ जुलैचा दिवस वरच्या दर्जाचा सण केला, प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा. त्यावर एक मेथॉडिस्ट काका म्हणाले, सण दिला पण वेदीवर चढू देता का? आंटी म्हणाल्या, तुमच्यात चढू देतात ना, मग तुमच्या चर्चमध्ये बाई पाळक किती आहेत ते सांगा. काकांनी चहाचा कप उचलला. हा संवाद म्हणजे माझे ६०० रुपये वसूल.

लूकच्या आठव्या अध्यायावर पण छान झालं. योहान्ना, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको, सुसान्ना, मग्दालीया आणि आणखी पुष्कळजणी येशूबरोबर फिरत होत्या आणि आपल्या पैशातून खर्च भागवत होत्या. म्हणजे बारा जण आणि प्रभू गावोगाव फिरतायत, जेवतायत, त्यात या बायकांची गाठीची कमाई, आणि आपल्या चित्रांमध्ये कायम तेरा पुरुष चालताना दाखवतात.

पौलाचा तास पाळकसाहेबांनी घेतला आणि इथे वर्ग तापला. तुम्हाला माहितीये कुठली वचनं, १ करिंथ १४ मधलं बायकांनी मंडळीत गप्प राहावं आणि १ तीमथ्य २ मधलं शिकवू नये. त्यांनी ती टाळली नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटलं. दोन्ही बाजू मांडल्या. ज्या मंडळ्या ही वचनं कायमची मानतात त्या काय म्हणतात ते नीट, चेष्टा न करता सांगितलं. मग दाखवलं की त्याच करिंथच्या पत्रात अकराव्या अध्यायात पौल बायकांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं म्हणतो, म्हणजे त्या बोलत होत्याच. आणि रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय, जो आपण सगळे नुसती नावं आहेत म्हणून सोडून देतो, तो त्यांनी सगळ्यांना मोठ्याने वाचायला लावला. मोजत गेलं तर त्यात दहा बायका निघतात. फिबी, किंख्रियाच्या मंडळीतली, पुष्कळ अभ्यासकांच्या मते हे पत्र रोमला घेऊन जाणारी तीच. प्रिस्किल्ला, जी बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या आधी येते आणि जिने अक्विल्लाबरोबर अपुल्लोसारख्या मोठ्या वक्त्याला घरी नेऊन नीट समजावून सांगितलं. युनिया. मरीया. त्रुफैना आणि त्रुफोसा. पर्सिस. रूफाची आई, जी आपलीही आई असं पौल म्हणतो. पण मग एका वडीलजनांनी (चर्चचे एल्डर) उभं राहून आपलं मत द्यायला जे घेतलं ते इतकं लांबलं की पुढचा भाग गुंडाळला गेला. दहा मिनिटांत मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी), जी १८८२ ला मुंबईत उतरली आणि जिच्यात सुरुवातीपासून बायका ऑफिसर होत्या, आणि आंध्रातल्या नंद्यालच्या पुष्पा ललिता, ज्या २०१३ मध्ये सीएसआयच्या (चर्च ऑफ साउथ इंडिया) पहिल्या महिला बिशप झाल्या. यावर पूर्ण तास हवा होता. आयोजकांनी प्रश्नोत्तरांना घड्याळ लावावं ही नम्र विनंती.

आता रमाबाई. पुण्यात हा वर्ग आहे म्हटल्यावर त्या येणारच, आणि भरपूर आल्या. बाईंनी त्यांना संतपदी बसवलं नाही हे सगळ्यात आवडलं. आपल्याकडे पंडिता रमाबाई म्हटलं की दोनच पद्धती, एकतर चर्चमध्ये फोटोला हार, नाहीतर बाहेर धर्म बदलला म्हणून नाक मुरडायचं. बाईंनी भांडकुदळ रमाबाई दाखवल्या. १८५८ चा जन्म, आईकडून संस्कृत, दुष्काळात फिरता फिरता आई-वडील आणि मोठी बहीण गेली. कलकत्त्यात पंडिता ही पदवी. बंगाली वकिलाशी लग्न, दोन वर्षांत वैधव्य, पदरात मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा. इथपर्यंत सगळ्यांना माहीत. पुढची गोष्ट मला नवीन होती. चेल्टनमच्या कॉलेजमध्ये त्या संस्कृत शिकवणार म्हटल्यावर प्रश्न आला की मुलग्यांना, पुरुषांना शिकवायचं का, आणि हिंदुस्थानातल्या बिशपांनी नको म्हणून कळवलं, तिकडे परत गेल्यावर हिचं वजन राहणार नाही म्हणे. आणि ही बाई, जिने आपल्या देशात शास्त्र्यांनी भरलेल्या सभांमध्ये व्याख्यानं दिली होती, तिने उलट लिहिलं की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी याला हरकत घेतली नाही, याचं मला नवल वाटतं. नुकतीच ख्रिस्ती झालेली, परक्या देशात, दुसऱ्यांच्या घरात राहणारी, आणि बिशपांना उत्तर देतेय. बाई म्हणाल्या, देवाने हिला निवडलं म्हणतो ना आपण, तर या जिभेसकट निवडलं.

शारदा सदन मुंबईत १८८९ ला निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. पहिल्या विद्यार्थिनींमधली गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, बाया कर्वे, अण्णासाहेबांच्या पत्नी. हे ऐकून इतिहासवाली मुलगी म्हणाली की हे आम्हाला कर्व्यांच्या बाजूने शिकवतात, सदनाच्या बाजूने कधी नाही. १८९३ ला मुली प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात गदारोळ, सल्लागार मंडळावरच्या रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं, केसरीत टीका. मग १८९६-९७ चा दुष्काळ. स्वतः भुकेने घर गमावलेली बाई मध्य प्रांतात जाऊन तीनशेच्या आसपास बायका-मुली घेऊन येते, प्लेगमुळे पुण्यात ठेवता येईना म्हणून केडगाव.

आणि तिथून पुढे जे झालं ते या वर्गाच्या विषयाचं खरं पोट आहे. दुष्काळातून उचलून आणलेल्या, टाकून दिलेल्या, आंधळ्या, बालविधवा, नाव पण नीट सांगता न येणाऱ्या मुली. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत जो संजीवन, म्हणजे धार्मिक जागृतीची लाट, आला तो याच पोरींमध्ये आला, त्यांच्याच टोळ्या गावोगाव प्रार्थना करत फिरल्या. रमाबाईंबरोबर मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन बाई होत्या, त्यांनी त्यावर पुस्तिका लिहिली, ती चिलीमधल्या वालपराइसोला त्यांच्या ओळखीच्या मिशनरी बाईला, मिसेस हूव्हरना गेली, आणि १९०९ मध्ये तिथे जी पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली तिची एक मुळी केडगावात आहे. दक्षिण अमेरिकेत! दौंड लाइनवरच्या स्टेशनातून! मी हे ऑफिसात एका ब्राझीलच्या क्लायंटला सांगितलं, त्याला काही कळलं नाही, पण मला फार बरं वाटलं.

बायबलचं भाषांतर पण असंच. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बाईला कळेल अशा मराठीत सगळं बायबल उतरवलं, आणि मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला तिथल्याच बायका-मुली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि ग्रंथ १९२४ ला बाहेर आला. बाईंनी इथे एक गोष्ट ठामपणे सांगितली जी मला दर रविवारी संदेशात ऐकायला आवडेल: देव अडाण्याला पण वापरतो हे खरं, पण त्याचा अर्थ त्याला अडाणी ठेवा असा नाही. रमाबाईंनी मुलींना नुसतं गुडघ्यावर बसवलं नाही, छपाई, विणकाम, शेती, शिक्षण, आंधळ्यांना ब्रेल, सगळं शिकवलं. आपल्या मंडळ्यांमध्ये मात्र साधी माणसं देवाला प्रिय असं म्हणून बायबलबाईला (गावोगाव फिरून बायकांना बायबल शिकवणारी), संडे स्कूलच्या टीचरला ना ट्रेनिंग ना धड मानधन. टाळ्या पडल्या. सेक्रेटरी साहेबांनी पण वाजवल्या, बघू आता.

लक्ष्मीबाई टिळकांवर एकच तास होता पण झकास. नवरा, कवी ना. वा. टिळक, १८९५ ला ख्रिस्ती झाला तेव्हा संसार मोडला, सोवळं-ओवळं काटेकोर पाळणारी बाई पाच वर्षांनी स्वतःच्या वेळेने आणि स्वतःच्या पायांनी आली. आणि टिळक १९१९ ला गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य कोणी पुरं केलं, तर शाळेत न गेलेल्या याच बाईने. सासूबाईंना टिळकांची गीतं सगळी पाठ, त्यांनी शेवटी एक सुरू केलं आणि पेटीशिवाय सगळा हॉल म्हणाला.

आता जिथे माझं जमलं नाही ते. एवढं सगळं छान चालू असताना माझ्या डोक्यात एक गोष्ट टोचत राहिली. रमाबाई ब्राह्मण, टिळक दांपत्य ब्राह्मण. वहीतली साठ टक्के पानं यांचीच असतील. आणि हॉलमध्ये बसलेलो आम्ही कोण? नगरकडचे, जालन्याकडचे, सोलापूरकडचे, बहुतेकांचे पणजोबा महारवाड्यातून नाहीतर मांगवाड्यातून प्रभूकडे आलेले. आमच्या मंडळ्या ज्यांनी उभ्या केल्या त्या बायकांसाठी वहीत एक पान, त्यात एकाही बाईचं नाव नाही. मी हे विचारलं. बाई म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे, रजिस्टरमध्ये अमक्याची बायको एवढंच असतं. मान्य, पण मग तेच शिकवा ना, की नामानाच्या मोलकरणीला नाव नाही तसंच आमच्या रजिस्टरलाही नव्हतं.

मुक्ता साळवे होती वहीत, तळटीपेत. चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली, १८५५ मध्ये तिचा निबंध ज्ञानोदयमध्ये छापून आला, अमेरिकन मराठी मिशनचं नियतकालिक. त्यात ती देवालाच विचारते की वेद ब्राह्मणांचे, आम्हाला ते बघायचा पण अधिकार नाही, तर आमचा धर्म कुठला तो तू सांग. ती स्वतः ख्रिस्ती नव्हती. पण ज्या मिशनच्या कागदावर ती छापली गेली त्या मंडळीने तिला तळटीपेत ठेवावं? सिंथिया फरार पण दोन ओळींत. १८२७ ला अमेरिकेहून एकटी, बिनलग्नाची आली, नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाईंना शिक्षिकेचं ट्रेनिंग तिच्याकडे, नगरलाच १८६२ ला वारली. आणि पुण्याच्याच फ्रान्सिना सोराबजी, व्हिक्टोरिया हायस्कूल काढणाऱ्या, त्यांच्या लेकीने, सूझीने, सेंट हेलेनाज काढलं, दुसरी कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकली आणि वकील झाली. कॅम्पात बसून शिकवताय आणि सोराबजींचा साधा उल्लेख नाही? पुढच्या वेळी टाका प्लीज.

मात्र त्या एका पानाच्या तासाला जे घडलं ते वहीत नव्हतं. बाईंनी विचारलं कोणाच्या घरात बायबलबाई होती का. सासूबाई उठल्या. त्यांच्या आजी नगर जिल्ह्यात डोक्यावर पुस्तकांची पेटी घेऊन पायी गावं करायच्या. विहिरीवर पाणी भरू देत नव्हते तर दुसऱ्या गावापर्यंत तहानलेल्या जायच्या. आधी बायकांना अक्षरं शिकवायच्या आणि मग शुभवर्तमान वाचायला द्यायच्या, कारण म्हणे स्वतः वाचलं तर नवऱ्याला विचारावं लागत नाही. पगार पाळकाच्या निम्म्याहून कमी, तो पण हातात पाळकच द्यायचा. मी लग्न होऊन या घरात इतकी वर्षं आहे, मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. मग एक एक करत आणखी लोक उठले, कोणाची मावशी, कोणाची आत्या, आणि पाळकसाहेबांनी शहाणपणा केला, मध्ये बोलले नाहीत, नुसतं लिहून घेत राहिले. संपूर्ण कोर्समधला सर्वोत्तम तास हाच, आणि शिकवणाऱ्यांनी यात जवळजवळ काहीच शिकवलं नाही.

बरं, चहा. चहा महिला मंडळाच्या बायका करतात. उत्तम असतो, आलं घालून, तक्रार चवीची नाहीये. तक्रार ही की पातेलं मागच्या किचनमध्ये, दर शनिवारी त्याच चार-पाच जणी, आणि वर्ग चालू असतानाच त्या आत कप मांडत असतात, म्हणजे रमाबाईंचा आणि प्रिस्किल्लाचा सगळा पाठ आम्ही ऐकला आणि त्यांना भांड्यांचा आवाज. मार्था कामात आणि मरीया येशूपाशी बसून ऐकतेय, तो उतारा चालू असताना हे चाललं होतं! मी ऑफिसात मॅनेजर आहे, मला गप्प बसवत नाही, मी सेक्रेटरींना म्हटलं थर्मास आणा बाहेरून, नाहीतर पुरुषांची पाळी लावा. म्हणाले, त्यांना सेवा करायला आवडतं. मी म्हटलं एकदा विचारून तरी बघा. पुढच्या शनिवारी खरंच विचारलं, तर त्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, आम्हाला पण वही द्या. वह्या दिल्या. चहा मात्र शेवटच्या शनिवारपर्यंत त्यांनीच केला, फक्त वर्ग संपल्यावर. हा पाचवा स्टार तिथे अडकलाय.

केडगावची ट्रिप जरूर करा. पुणे-दौंड लोकल गाडीने, लोणी, उरुळी, यवत करत, स्वस्तात होते. मुक्ती मिशनला आधी कळवून जावं लागतं, ते काम आयोजकांनी नीट केलं होतं. रमाबाईंची कबर तिथेच आहे. माझ्या लक्षात मोठं चर्च राहिलं, जमिनीवर बसून उपासना करायची पद्धत असलेलं, आणि सासूबाई, ज्यांना गुडघेदुखी आहे, त्या खाली बसल्या आणि परत उठवायला आम्ही तिघी लागलो. उन्हाळ्यात जाऊ नका, आणि डबा घरून न्या.

कोणी जावं: ज्यांच्या मंडळीत महिला रविवार वर्षातून एकदाच येतो त्यांनी. पास्टोरेट कमिटीवरच्या पुरुषांनी तर नक्की, फी चर्चकडून घ्या हवी तर. इतिहासाची आवड असलेल्या इतरधर्मीयांना पण चालेल, कोणी गळ टाकत नाही. कोणी जाऊ नये: ज्यांना पौलाच्या वचनांवर एकच उत्तर ऐकायचंय त्यांनी, दोन्ही बाजूच्या, कारण इथे ते मिळत नाही.

गाडी आणू नका, शनिवारी कॅम्पात पार्किंग मिळणं अवघड आहे, टू-व्हीलर चर्चच्या आवारात लावू देतात. पंखे तीन आहेत, त्यातला मधला चालतो. झूमची लिंक पण देतात पण आवाज येत नाही आणि वडीलजनांचाच चेहरा दिसत राहतो, तेव्हा हॉलमध्येच या. पुढची बॅच पावसाळ्यानंतर आहे, नाव महिला मंडळाच्या टेबलावर द्यायचं, ऑफिसात नाही, ऑफिस शनिवारी बंद असतं.